घडी घालणाऱ्याची सही

८ जानेवारी

मामा,

नमस्कार. हा ताठ उभी राहून करते आहे, वाकून नाही. का ते पुढे येईलच.

बदली होऊन महिना झाला. आईला फोनवर 'सगळं छान' सांगते, तुला खरं लिहिते, कारण तू फौजेत सव्वीस वर्षं कारकुनी केलीस आणि तुला कागदातलं कळतं. विमानातून उडी मारणारे पॅराशूटला नुसतं छत्री म्हणतात, आणि आम्ही जिथे छत्र्यांच्या घड्या घालतो ते छत्रीघर. शाळेच्या व्हरांड्याएवढी लांब खोली आहे. लांबच लांब गुळगुळीत टेबलं, वर पंखा नाही, कारण कापड हललेलं चालत नाही. कापड पसरायचं, दोऱ्या मोजायच्या, पाकळीवर पाकळी बसवायची, वर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. प्रत्येक टप्प्याला उस्ताद येऊन बघतात. शेवटी घडीची हत्यारं मोजायची, कारण आत एक लोखंडी आकडा जरी राहिला तरी वरचा माणूस दगडासारखा खाली येईल. मग गठ्ठ्याच्या खिशात कार्ड. त्यावर तारीख आणि घडी घालणाऱ्याची सही. ती सही म्हणजे मी सांगते की ही उघडेल. आणि कोणत्याही दिवशी वरिष्ठ एखादा गठ्ठा उचलून 'चल, तूच मार उडी' म्हणू शकतात. असं आजवर चार वेळा झालं आणि चारही वेळा मी खाली चालत आले.

काम असं की जीव ओवाळून टाकावा. पण नवे मोठे साहेब आले आणि त्यांनी छत्रीघरात सकाळी आठ मिनिटांची प्रार्थना सुरू केली. पलटणीचे धर्मगुरू येऊन म्हणतात, सगळ्यांनी हात जोडून मान खाली घालायची. आम्ही त्यांना धर्मसाहेब म्हणतो. फलकावर लिहिलंय 'ऐच्छिक'. पण हजेरी प्रार्थना संपल्या संपल्या त्याच जागी होते आणि जो प्रार्थनेला नाही तो उशिरा आला असं धरतात. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मी रोज वेळेवर जाते, हात मागे बांधून ताठ उभी राहते, डोळे उघडे. कोणाला अडवत नाही, हसत नाही. धर्मसाहेबांनी विचारलं, तू का वाकत नाहीस? मी म्हटलं, मी देव मानत नाही. एवढंच बोलले, मामा, तुझी शपथ. दुसऱ्या दिवशी कारकून नवा फॉर्म घेऊन हजर. धर्माच्या रकान्यात मी लिहिलं 'नाही'. तो म्हणतो, 'नाही' नावाचा कुठलाच धर्म नाही. मी म्हटलं, म्हणूनच तर लिहिलं. त्याला ते कळलं नाही की कळूनही चाललं नाही, कोण जाणे. कागद घेऊन गेला.

आता सांग, यात माझं काय चुकलं?

तुझी ठमी


१७ जानेवारी

ठमाबाई,

पत्र पोचलं. तुझं चुकलं काहीच नाही, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. चुकलेल्या माणसाला फौज माफ करते. बरोबर असलेल्याला माफ करायला तिच्याकडे फॉर्मच नाही.

अगं, मान खाली घालायला काय जातं? मानेला हाड आहे, वाकतं. सव्वीस वर्षं मी रोज सकाळी उभा राहिलो. सगळे डोळे मिटायचे, मीही मिटायचो, आणि आत बसून दिवसभराची टपाल यादी करायचो. माझ्या इतक्या बिनचूक याद्या बाकी दिवसात कधी झाल्या नाहीत. तूही दोऱ्या मोज. आठ मिनिटांत अख्खी छत्री मोजून होईल. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये हे काही उगाच म्हणत नाहीत.

आणि फॉर्मवर 'नाही' लिहिणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कोरा सोडला असतास तर कोणीतरी भरून टाकला असता आणि तुझ्या डोक्याला ताप नसता.

ताई विचारते, पोरगी जेवते ना. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज सकाळ-संध्याकाळ तुझ्यासाठी प्रार्थना करते, ते तरी चालतं ना तुला?

एक विचारायचं होतं. तुमचे मोठे साहेब उंच आहेत का, डाव्या भुवईवर खोक असलेले? असतील तर ते अगदी नवे अधिकारी असताना मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं होतो. माणूस सज्जन आहे. बोलायला गोड.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

मामा,

आईची प्रार्थना चालते. ती मला न विचारता करते आणि माझ्याकडून काही मागत नाही. हा फरक तुला कळत नाही असं मी मानतच नाही.

हो, तेच साहेब. भुवईवर खोक. बोलायला गोड, ते तर विचारूच नकोस. मला 'बेटा' म्हणतात.

तुझ्या दोऱ्या मोजण्याच्या सल्ल्यावर दोन दिवस विचार केला. खरंच केला. मग ठरवलं, नाही म्हणजे नाही. मी दिवसभर जे काम करते त्यात एकच गोष्ट लागते, हाताने केलं तेच कार्डावर लिहायचं. सकाळी आठ मिनिटं खोटं उभं राहायचं आणि आठ वाजून नऊ मिनिटांनी खरी सही करायची, हे मला जमणार नाही. तुला जमलं, तुझी कमाल आहे.

आता खरी बातमी ऐक आणि बसून वाच. गेल्या सोमवारी उडी होती. रांगेतल्या एकाने, आम्ही त्याला बांबू म्हणतो, गठ्ठा पाठीवर घेण्याआधी कार्ड काढून पाहिलं आणि परत ठेवला. म्हणाला, दुसरा द्या. उस्तादांनी विचारलं, काय खराबी? तो म्हणाला, खराबी नाही, हिची घडी नको. मागचे चौघे कार्डं बघायला लागले. त्या दिवशी माझे अकरा गठ्ठे मांडणीवर परत आले. अकरा, मामा. एकाचाही टाका उसवलेला नव्हता.

कारण कळायला वेळ लागला नाही. आदल्या दिवशी धर्मसाहेबांनी प्रवचन दिलं होतं. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, ज्या हातांना वरच्याचं भय नाही त्या हातांनी बांधलेल्या गाठीवर जीव टांगताना विचार करा. छत्रीघरात अशी एकच बिनभयाची आहे हे स्वयंपाक्यालाही माहीत आहे.

आजवर मी एकोणीसशेवर घड्या घातल्या. एक उघडली नाही असं झालं नाही. मला भय नाही असं कोणी सांगितलं? मला त्या बांबूच्या आईचं भय आहे. तो वरून पडला तर मी तिला काय सांगणार याचं भय आहे. हे भय पुरत नाही का? वरच्याच्या भयाने हात थरथरणाऱ्यांना या टेबलावर उभं करून बघा म्हणावं.

उस्ताद वाईट नाहीत, पण पाठीचा कणा कुठेतरी विसरून आलेत. बाजूला घेऊन म्हणाले, तू घडी घाल, सही शेजारची करेल, म्हणजे कोणाला कळणार नाही आणि काम थांबणार नाही. जी घडी शेजारणीने बघितलीसुद्धा नाही तिच्यावर तिची सही. हेच उस्ताद पहिल्या दिवशी म्हणाले होते, न घातलेल्या घडीवर सही करशील तर माझ्या छत्रीघरातून हाकलीन. मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं.

मी वरच्या मुख्यालयाकडे तक्रार करणार आहे. मसुदा सोबत पाठवते. तू त्यातला माणूस आहेस, भाषा तपासून दे. फार चिडून लिहिलंय का तेवढं सांग.

ठमी


१९ फेब्रुवारी

ठमे,

मसुदा वाचला. भाषा चोख आहे, एक वेलांटी चुकली आहे ती दुरुस्त केली. पण पाठवू नकोस. पंधरा दिवस थांब. माझ्यासाठी थांब म्हण हवं तर.

तक्रारीचा कागद फौजेत कसा फिरतो ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. तो वर जातो, वरून ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच अभिप्रायासाठी खाली येतो, आणि मग कागदापेक्षा लिहिणाऱ्याचीच चौकशी लागते. काही गोष्टी कागदाने बिघडतात आणि दोन शब्दांनी सुटतात. मी बघतो.

ताईचा रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली. काळजीचं नाही. तू नीट जेव.

मामा


१४ मार्च

मामा,

मी थांबले. पंधरा नाही, वीस दिवस थांबले, कारण तुम्ही म्हणालात.

काल मोठ्या साहेबांनी बोलावलं. चहा मागवला. 'बेटा' म्हणाले आणि टेबलावर एक पत्र सरकवलं. अक्षर बघून आधी मला आनंदच झाला. एवढं वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही, समास दोन बोटं सोडलेला. मग वाचलं.

'माझी भाची श्रद्धाळू घरातली आहे. लहानपणी तिच्यावर रीतसर धर्मसंस्कार झालेले आहेत. दहा वर्षांची होईतो रोज आईबरोबर प्रार्थना म्हणत असे. अलीकडे वाचनाने तिचं डोकं जरा फिरलं आहे. मनाने ती धार्मिकच आहे, हट्टापायी 'नाही' लिहिते. साहेबांनी मुलीसारखं सांभाळून घ्यावं.'

साहेब म्हणाले, मामांनी सगळं सांगितलं आहे, आता रकाना दुरुस्त कर आणि उद्यापासून सुखाने टेबलावर ये. मी म्हटलं, दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही. मग गोडवा संपला. माझ्यावर आरोप ठेवला आहे. सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटी माहिती लिहिल्याचा. पुरावा, घरच्याच वडीलधाऱ्या माणसाचं पत्र. माझ्या टेबलावर दुसरी उभी आहे आणि मला भांडारात ब्लँकेटं मोजायला बसवलंय. चौकशी लागली आहे. ज्याने प्रवचनात माझ्या हातांवर संशय घेतला त्याची नाही, ज्यांनी नियम मोडून खोटी सही करायला सांगितली त्यांची नाही. माझी. चोर सोडून संन्याशाला फाशी. आरोप खरा ठरला तर मला काढून टाकतील, आणि 'खोटारडी' हा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला छत्रीच काय, साधी पिशवी कोणी शिवायला देणार नाही.

कोणी सांगितलं होतं तुम्हाला? मी भाषा तपासायला दिली होती, माझं डोकं नाही. आईला विचारलंत? मला विचारलंत? एका बाजूला माझी सही पुसायला बघणारे ते, आणि दुसऱ्या बाजूला माझं मन मला न विचारता लिहून देणारे तुम्ही. त्यांचा राग येतो, पण ते परके आहेत. कुंपणानेच शेत खाल्लं तर कोणाकडे जायचं?

मला पत्र लिहू नका.


२२ मार्च

ठमी,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितो. वाचायचं की नाही ते तू ठरव. जन्मात पहिल्यांदा तू मला 'तुम्ही' म्हणालीस. तेवढा एक शब्द मी दिवसभर घेऊन फिरलो.

ताईला सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'मी प्रार्थना करते ती मनापासून करते रे. तिच्या मानेवर हात दाबून घेतलेली प्रार्थना देवाला काय करायची आहे? आणि माझ्या घराच्या नावावर खोटं लिहायला तुला मी सांगितलं होतं?' मग ताट वाढून ठेवलं आणि आत निघून गेली.

आता जे लिहितो ते तिलाही आजवर माहीत नव्हतं.

भरती झालो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. धर्माच्या रकान्यात मीही 'नाही' लिहिलं होतं. हो, मी. तुला वाटतं तू घरातली पहिली. दीड महिना मला संडास धुवायला लावले, जेवायला शेवटी, माझ्या खाटेवर रोज कोणीतरी पाणी ओतायचं. कोणी हुकूम दिला नव्हता. हुकूम नसलेल्या गोष्टीची तक्रार करता येत नाही हे मी तिथे शिकलो. मग मला कचेरीत घेतलं, कारण अक्षर चांगलं. पहिल्याच आठवड्यात फाइलींचं कपाट माझ्या हाती आलं आणि मी माझा कागद काढून रकाना स्वतःच बदलला. दुसऱ्या दिवसापासून खाट कोरडी.

इथे थांबलो असतो तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण पुढे नवी पोरं यायची. कोणी रकाना कोरा सोडायचं, कोणी तुझ्यासारखं 'नाही' लिहायचं, कोणी निराळंच काही. असा कागद वर गेला की 'अपूर्ण' शेरा मारून परत यायचा आणि साहेब माझ्यावर डाफरायचे. म्हणून मी ते भरून टाकायला लागलो. बहुसंख्यांचा जो तोच, सगळ्यांना. पोरांचं भलंच करतोय असं मला वाटायचं. त्यांच्या खाटेवर कोणी पाणी ओतणार नाही. सव्वीस वर्षांत किती जणांचे भरले ते मला माहीत नाही. त्यातल्या एकालाही विचारलं नाही.

त्यात एक बिनतारीवाला होता. अठरा-एकोणीसचा, सतत शीळ घालायचा. त्याने ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं होतं, खाली रेघ मारून. मी रेघेसकट खोडलं. दोन वर्षांनी तो गेला. सगळ्या विधींसह त्याला निरोप दिला, धर्मगुरू, मंत्र, सगळं. त्याचा बाप बाजूला उभा होता. त्याने विचारलं, 'हे माझ्या मुलाने मागितलं होतं?' साहेब म्हणाले, 'कागदावर नोंद आहे.' ती फाइल माझ्या काखेत होती, ठमी. बाप माझ्याकडे बघत होता आणि मी डोळे मिटून हात जोडून उभा होतो.

तुझं पत्र आलं आणि माझ्या हाताला जी सवय तेच मी केलं. तुझा रकाना भरून दिला. याला क्षमा मागू नये, मागतही नाही.

चौकशीत ज्याचं पत्र पुरावा म्हणून ठेवलं त्याला समोर बोलावून घेण्याचा तुला हक्क आहे. फक्त तू लेखी मागायला हवं. एक ओळ पुरते. मी येऊन सांगतो की ते पत्र खोटं आहे, आणि मी असं खोटं का लिहू शकतो तेही सांगतो.

मामा


२ एप्रिल

मामा,

ओळ लिहून दिली. सव्वीस तारखेला चौकशी. वरच्या मुख्यालयातून तीन अधिकारी येणार आहेत.

माफ केलेलं नाही. त्या बिनतारीवाल्याच्या बापाने काय केलं असेल त्या रात्री, हे ब्लँकेटं मोजताना माझ्या डोक्यातून जात नाही. आणि तुझ्या ओल्या खाटेचंही वाईट वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला मी काय करू?

तू तिथे जे बोलशील ते लिहून घेतील. सरकारी कागद बदलल्याची कबुली आहे ती. तुझ्या पेन्शनीवर येऊ शकतं. आईशी बोल, मग ये. नाही आलास तरी मी समजून घेईन असं खोटं लिहिणार नाही.

ठमी


२९ एप्रिल

मामा,

साक्ष झाल्या झाल्या तुला फाटकाबाहेर नेलं, मला भेटूही दिलं नाही. म्हणून लिहिते. आईला वाचून दाखव, तिला सगळं कळायला हवं.

आई, मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वरून आलेल्या तिघांतले मधले, जाड चष्म्याचे, म्हणाले, शपथ घ्या. आणि शपथ द्यायला कोण उभे, तर धर्मसाहेब, ग्रंथ पुढे करून. मामाने हात वर केलाच नाही. म्हणाला, 'साहेब, मी देव मानत नाही. खरं बोलायला आलो आहे, तेव्हा सुरुवातच खोट्याने नको.'

मोठ्या साहेबांची खोकवाली भुवई वर गेली ती खाली येईना. चष्मेवाल्यांनी समोरचा छापील कागद उलटा-सुलटा करून बघितला. त्यावर एकच शपथ छापलेली, देवाची. कारकून म्हणाला, मग साक्ष घेता येणार नाही. त्यावर मामाने आमच्याच नियमांच्या पुस्तकातला नियम तोंडपाठ म्हटला, कलम, पोटकलम, पान. ज्याला देवाची शपथ नको त्याने गंभीरपणे प्रतिज्ञा करावी, ती तितकीच ग्राह्य. पुस्तक शोधायलाच अर्धा तास गेला. सापडलं ते कपाटाखाली, एक पाय लंगडा म्हणून टेकण दिलं होतं. नियम तिथेच होता, त्या पानावर. इतकी वर्षं होता, मामा, आणि तुला पाठ होता. तेव्हा मला हसूही आलं आणि तुझा परत रागही आला.

मग तू बोललास. पत्र खोटं, धर्मसंस्कार झालेले नाहीत, घरात प्रार्थना फक्त आई करते. मग तुझ्या रकान्याचं. मग बाकीच्यांच्या रकान्यांचं. बिनतारीवाल्यापाशी आलास तरी तू थांबला नाहीस. मोठे साहेब म्हणाले, या म्हाताऱ्याचा तोल गेलाय. तेव्हा तू त्यांच्याकडे वळून म्हणालास, 'तुमचाही कागद माझ्याच हातून गेला होता, साहेब. तुम्ही आपल्या हाताने लिहिलं होतंत ते तसंच राहिलं. तेवढंच ही पोरगी मागतेय.' मी त्या क्षणापर्यंत रडायचं नाही असं ठरवलं होतं.

तू गेल्यावर उस्तादांना विचारलं, हिच्या कामात दोष? म्हणाले, एकही नाही. विचारलं, दुसरीने सही करावी असं तुम्ही सांगितलंत? बुटांकडे बघतच हो म्हणाले. कणा सापडला बहुतेक.

निकाल महिनाभरात. मी अजून ब्लँकेटं मोजते.

ठमी


२५ मे

ठमी,

मला नोटीस आली आहे. सरकारी नोंदींत फेरफार. पेन्शन चौकशी होईतो अर्धी. वाचून वाटलं होतं भीती वाटेल, पण नोटिशीत तीन चुका निघाल्या त्या लाल शाईने दाखवून उत्तर पाठवलं.

ताईने त्या दिवशीचं तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, आता त्या पोरांना कळव. म्हणून आठवतील तेवढी नावं काढतो आहे. सत्तेचाळीस आठवली. प्रत्येकाला एक कार्ड लिहितो, 'तुमच्या कागदावरचा धर्म मी लिहिला, तुम्ही लिहिलेलं खोडून. दुरुस्तीचा अर्ज असा करावा.' सगळ्यांत आधी बिनतारीवाल्याच्या बापाला लिहिलं. उत्तर आलं, दोन ओळींचं. 'मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला एवढी वर्षं लागली.' सही, तारीख, बस्स. ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. ठेवायलाच हवं.

तुझा निकाल कळव. उशीर करू नकोस.

मामा


३ जुलै

मामा,

निकाल लागला. आरोप रद्द. रकान्यात 'नाही', माझ्याच अक्षरात, वर गोल शिक्का. प्रार्थना छत्रीघरातून प्रार्थनागृहात हलवली, हजेरी वेगळ्या वेळी. मोठ्या साहेबांना काही झालं नाही. बढतीवर गेले म्हणे. जाताना मला 'बेटा' म्हणून गेले. धर्मसाहेब आहेत तिथेच आहेत. माफी कोणी मागितली नाही. तीन महिने ब्लँकेटं मोजली त्याचं काय, असं विचारलं तर नवा कारकून म्हणाला, तीही कोणीतरी मोजायलाच हवी होती. एवढा संताप आला की मी तशीच टेबलाकडे गेले आणि एका दमात दोन छत्र्या उलगडून परत घातल्या.

कारण टेबल मिळालं तरी माझे गठ्ठे कोणी घेईना. निकालाने कागद बदलतो, माणसं नाही. मार्चपासूनचे माझे गठ्ठे मांडणीवर तसेच धूळ खात पडलेले, आणि साठ दिवस पडून राहिलेली छत्री उघडून, झटकून, नव्याने घालावी लागते असा नियम. तर मी माझ्याच न उघडलेल्या घड्या मोडायची आणि परत घालायची, परत सही. शेवटी उस्तादांनीच ठरवलं. परवाच्या उडीला सगळे गठ्ठे क्रमाने द्यायचे, कार्डाची बाजू आत, उतरेपर्यंत खिसा उघडायचा नाही. ज्याला चालत नसेल त्याने लेखी द्यावं आणि घरी बसावं. लेखी कोणी दिलं नाही.

परवा बावीस जणांनी उड्या मारल्या. त्यात धर्मसाहेबही होते, त्यांनाही वर्षातून काही उड्या माराव्या लागतात. मी मैदानाच्या कडेला उभी राहून मोजत होते. सगळ्या बावीस उघडल्या. माझ्या सहा होत्या.

उतरल्यावर प्रत्येकाने खिशातलं कार्ड काढून घडी घालणाऱ्याच्या सहीखाली आपली सही करायची आणि शेजारी शेरा लिहायचा, नीट उघडली, दोऱ्या पिळल्या, काय असेल ते. धर्मसाहेबांनी कार्ड काढलं, नाव वाचलं आणि पाहतच राहिले. त्यांच्या पायाशी माझी छत्री पसरलेली. मी दहा पावलांवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बरोबरच्याची पाठ टेकायला घेऊन काहीतरी लिहिलं, कार्ड उस्तादांकडे दिलं आणि चालू लागले.

शेऱ्यात लिहिलं होतं, 'ईश्वरकृपेने सुखरूप.'

उस्तादांचा चेहरा लाल. इतका की मलाच त्यांना शांत करावं लागलं. म्हणाले, तीनदा तपासून दीड तास पाठ मोडून घातलीस तू, आणि श्रेय कोणाला? हा शेरा तांत्रिक नाही, मी खोडतो, तुझ्यासमोर खोडतो. पेनाचं टोपण काढलंही त्यांनी.

मी म्हटलं, राहू द्या उस्ताद. रकाना त्यांचा आहे, त्यांना वाटलं ते त्यांनी लिहिलं. दुसऱ्याने लिहिलेलं आमच्या घरात यापुढे कोणी खोडत नाही.

कार्ड तसंच फाइलला लागलं. वर माझी सही आहे.

ठमी